खुणेची कळशी

एक्केचाळीस नंबरच्या बाटलीनं आकडा दाखवला तेव्हा जयमालाला चक्क आनंद झाला होता. पुढं ते आठवलं की तिला स्वतःचीच शिसारी यायची. पण झाला होता, हे खरं. यंत्राच्या पडद्यावर एकाहत्तर उमटले आणि ती दिराला म्हणाली, "घ्या भावजी, आणखी एक गावली. शंभरातलं एकाहत्तर आपलं."

शिवदास तिचा धाकटा दीर आणि टेकवाडीचा सरपंच. त्यानं चष्मा कपाळावर सारून आकडा दोनदा वाचला.

"दहावी," तो म्हणाला. "डोहेगावकरांची खोड काय जाईना. करा सही, वहिनी."

तिनं सही केली. बाटलीवर नुसता नंबर असायचा. विहीर कुणाची ते तालुक्याच्या कचेरीलाच ठाऊक. शिवाय प्रत्येक विहिरीची दुसरी बाटली तालुक्याला तपासली जायची आणि तिथंही तोच आकडा यायचा, त्यामुळे टेकवाडीच्या बाईनं डोहेगावचं पाणी तपासायला कुणी हरकत घेत नव्हतं. यंदाच्या बाटल्यांत ऋतुजाच्या सासरच्या नव्या विहिरीचीही एक असणार, हे जयमालाला माहीत होतं. पण आपल्या लेकीच्या दारात चोरीचं पाणी असेल, असं कुठल्या आईच्या मनात येतं?

टेकवाडी डोंगराच्या कुशीत, डोहेगाव तीन मैल खाली. पाऊस दोघांना सारखाच, म्हणजे सारखाच कमी. वीस वर्षांपूर्वी टेकवाडीनं कंबर कसली. सलग तीन उन्हाळे गावानं डोंगरावर चर खणले, बांध घातले, पाझर तलाव केला. जयमालाचा नवरा भानुदास तिसऱ्या वर्षी वैशाखातल्या उन्हात कुदळ हातात असतानाच कोसळला आणि उठला नाही. ऋतुजा तेव्हा चार वर्षांची होती. एवढं करून टेकवाडीच्या विहिरी माघात तळ दाखवायच्या आणि खाली डोहेगावात चैत्रातही मोटारी चालू, ऊस हिरवागार. आमच्या माणसांनी जीव द्यायचा आणि यांनी पाणी उपसायचं! भांडणं झाली, डोकी फुटली, कोर्टकचेऱ्या झाल्या. सोयरिकी मात्र थांबल्या नाहीत. इथल्या पोरी तिथं पडायच्या, तिथल्या इथं यायच्या. खोऱ्यात दुसरी गावं होतीच किती?

मग खूण आली. विद्यापीठातल्या डॉक्टर इनामदारबाईंनी मारुतीच्या मंडपात बसून ती समजावून सांगितली होती. प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनएची साखळी असते, चार अक्षरांत लिहिलेली. तशी साखळी आता प्रयोगशाळेत हवी तशी लिहिता येते. बाईंनी टेकवाडीसाठी एक मजकूर लिहिला, जगात कुठल्याही प्राण्यात किंवा झाडात नसलेला, आणि तो काचेच्या कणांत बंद केला. धुळीच्या कणाच्याही शंभराव्या हिश्श्याएवढे कण. काच असल्यामुळे ते कुजत नाहीत, पाण्यात विरघळत नाहीत, आणि पाणी मुरुमातून, भेगाळलेल्या काळ्या खडकातून जिथं जाईल तिथं त्याच्यासोबत जातात. आषाढात ते तलावात मिसळायचे. उन्हाळ्यात विहिरींचं पाणी यंत्रात घालायचं. यंत्र एका औषधानं कणांची काच उतरवतं, आतल्या साखळीच्या एकाच्या दोन, दोनाच्या चार अशा नकला करत जातं आणि मोजतं. तलावातल्या पाण्याच्या मानानं विहिरीत किती कण सापडले, त्यावरून त्या विहिरीतलं किती पाणी टेकवाडीचं ते ठरतं.

"म्हंजे पाण्याला आमचं नाव लावलं म्हणा की," जयमाला तेव्हा म्हणाली होती, आणि बाई हसल्या होत्या.

पाठोपाठ कायदा आला. विहिरीत दुसऱ्या गावाची खूण तिसऱ्या हिश्श्याहून जास्त निघाली, की विहिरीवर लोखंडी जाळी आणि पाच वर्षं टाळं. आणि त्या विहिरीएवढं पाणी सरकारी धरणाच्या पाइपातून, ज्याची खूण त्या गावाला. सहा वर्षांत डोहेगावच्या नऊ विहिरींना टाळं लागलं आणि नऊ विहिरींचं पाणी पाइपानं टेकवाडीत चढलं. ऊसतोडीला गेलेली चाळीस घरं परत आली. बंद पडलेली शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी नळाला पाणी आलं तेव्हा जयमाला त्या पाण्याशी, भानुदासशी बोलावं तशी, बोलली होती. आलास का घरी, म्हणाली होती.

तलावात खूण सोडायचा मान तिचा. बाटलीतली खूण ती आपल्या रुखवतातल्या पितळेच्या कळशीत कालवायची आणि मुखाशी उभी राहून ओतायची. त्या कळशीला गावात नाव पडलं, खुणेची कळशी. आणि या खोऱ्यात एक रीत होती. नव्या विहिरीला पाणी लागलं की त्या घरच्या सुनेच्या माहेराहून कळशीभर पाणी यायचं आणि ते विहिरीत ओतायचं. पाण्याला पाण्याची ओळख करून द्यायची. टेकवाडीच्या बायका आता त्यासाठी जयमालाचीच कळशी मागून न्यायच्या. विधवा म्हणून जिला हळदीकुंकवाला कुणी बोलावत नव्हतं, तिची कळशी मात्र प्रत्येक शुभकार्याला पुढं. जयमालाला त्याचं सुख वाटायचं. का वाटू नये?

फाल्गुनात ऋतुजाच्या विहिरीला पंचावन्न फुटांवर पाणी लागलं, तेव्हा जयमालाची सवाष्ण जाऊ कळशी घेऊन निघाली होती. ऋतुजानं ऐकलं नाही. "आईच आणंल आणि आईच ओतंल," तिनं सासऱ्याला तोंडावर सांगितलं. जयमालानं स्वतःच्या हातानं तलावाचं पाणी विहिरीत ओतलं. गुडघाभर पाण्यात ते पडल्याचा आवाज वरपर्यंत आला होता. त्या दिवसाएवढी ती कधी सुखी झाली नव्हती.

सही केल्याच्या चौथ्या दिवशी ऋतुजाचा फोन आला.

"आई, टाळं लावून गेले."

"कुणाच्या विहिरीला?"

"आमच्या. एकाहत्तर टक्के निघालं म्हणत्यात. सही तुझी हाय." मागं चार महिन्यांचं बाळ रडत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयमाला खाली गेली. तिला पाहताच ऋतुजाचा सासरा ओट्यावरून उठून चालता झाला. या नाही, बसा नाही. ऋतुजानं चहा टाकला. डोळे सुजले होते, पण भांडली नाही, त्याचंच जयमालाला जास्त लागलं.

"पंधरा दिवस काय ते पाणी मिळालं," ऋतुजा म्हणाली. "तेबी असलं. डाळ शिजत न्हाई ह्यात, दोन शिट्ट्या जादा लागत्यात. आपल्याकडं कशी लोण्यावानी शिजती."

जयमालानं कप खाली ठेवला. तिनं माठातलं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं. मचूळ होतं. टेकवाडीचं पाणी म्हणजे डोंगरावरचा गेल्या वर्षीचा पाऊस, हलकं आणि गोड. हे पाणी वर्षानुवर्षं खडकात पडून क्षार खाल्लेलं. शंभरातलं एकाहत्तर आपलं असतं, तर डाळ शिजली असती.

"दोर हाय का? आणि दोन बाटल्या दे, कोऱ्या," ती म्हणाली.

जाळीच्या गजांतून बाटली जात होती. झरा डोंगराकडच्या अंगाला नव्हताच. तो उलट बाजूनं, दक्षिणेच्या भिंतीतून पाझरत होता. जयमालानं दगड बांधलेली एक बाटली झऱ्याच्या धारेखाली धरली, दुसरी तळाच्या गाळापर्यंत सोडली. ऋतुजा बाळाला कडेवर घेऊन बघत राहिली.

घरी येऊन जयमालानं झऱ्याचं पाणी यंत्रात घातलं. शून्य. पुन्हा घातलं. शून्य. तळाचं घातलं. ब्याण्णव.

झऱ्यात शून्य आणि तळाला ब्याण्णव, म्हणजे खूण खडकातून आलीच नव्हती. ती वरून पडली होती. जयमालाची नजर फळीवर गेली. कळशी तिथं पालथी घातलेली होती, घासूनपुसून लखलखीत. तिनं उकळून गार केलेलं पाणी कळशीत घालून खळबळून घेतलं, त्यातले चार थेंब यंत्राला दिले. यंत्र बराच वेळ घरघरलं आणि त्यानं आकडाच दाखवला नाही. पडद्यावर शब्द आले: मोजमापाबाहेर.

मग तिला तो कागद आठवला. खुणेच्या बाटलीसोबत दरवर्षी यायचा. खूण कालवलेलं भांडं पुन्हा वापरू नये, नष्ट करावं. सोबत प्लास्टिकचा एक डबाही यायचा. तो कागद तिनं पहिल्याच वर्षी वाचला होता. पण ज्या तलावासाठी भानुदास गेला त्यात प्लास्टिकच्या डब्यातून ओतायचं तिच्या जिवावर आलं. आणि कळशी नष्ट करायची म्हणजे काय? पितळेची कळशी कुणी टाकून देतं? तिनं ती चिंचेनं घासली, राखेनं घासली, उन्हात ठेवली. चिंचेनं पितळ उजळतं. काचेला चिंच काही करत नाही. गळ्याच्या आणि बुडाच्या झाळीत, जोडाच्या बारीक खाचांत, कण बसून राहिले आणि वर्षाला नवे येत गेले. डोहेगावात गेल्या सहा वर्षांत तेवीस नव्या विहिरी झाल्या होत्या. नऊ चोर ठरल्या होत्या, चौदा साव. जुन्या एकाही विहिरीत खूण निघाली नव्हती; नव्या खोल आहेत, त्यांत आपलं पाणी जास्त उतरतं, असं तालुक्याच्या साहेबांनी तेव्हा सांगितलं होतं. त्यांच्या तक्त्यात विहिरीची खोली होती, खडकाची जात होती. सुनेचं माहेर नव्हतं.

ती नऊ नावं आठवायला तिला वही लागली नाही. कळशी नेली कुणी आणि परत आणून दिली कुणी, सगळं पाठ होतं. तिसरं नाव छायाचं होतं. छाया टेकवाडीची, जयमालाच्या वर्गातली, डोहेगावात दिलेली. छायाच्या नवऱ्यानं, किसननं, टाळ्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात गॅसकटर घेऊन जाळी कापायला घेतली. तोल गेला, आणि सुटलेली जाळी त्याच्यासकट खाली गेली. टेकवाडीत त्या वेळी लोक म्हणाले होते, चोरीचं पचलं नाही. जयमालाही म्हणाली होती. मोठ्यानं नाही, पण म्हणाली होती.

तिनं शिवदासला बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. त्यानं उठून दार लोटून घेतलं.

"कुणाला बोललाय?"

"न्हाई."

"मग बोलूबी नका." त्याचा आवाज चढला नाही. "वहिनी, ह्या नऊ विहिरी गेल्या तर पाइप गेला. चाळीस घरं पुन्हा कोयतं घेऊन वाटंला लागतील. शाळंला कुलूप. आणि दादा? दादा कशापायी मेला मग?"

"पर त्यांचं पाणी त्यांचंच हुतं, भावजी. किसन हकनाक गेला."

"गेला तो काय आता येणार हाय?" मग तो जवळ सरकला. "ऋतुजाच्या विहिरीची फेरतपासणी मागू. पाणी भरतानाच दोन्ही बाटल्यांवर भलता नंबर पडला म्हणतो मी साहेबाला. झऱ्याचं पाणी पाठवू. पोरीची विहीर उघडंल. बाकीच्यांची पाच वर्षं सरत आलीच हायेत. आपोआप निघतील टाळी."

सगळ्यांची सरत आली नव्हती. चौघांची दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती. ते तिला माहीत होतं, आणि त्यालाही. जयमालाच्या डोळ्यांपुढं बाळ आलं, टँकरच्या रांगेत उभी असलेली ऋतुजा आली. तिनं होकाराची मान हलवली. कुणी तिचा गळा धरला नव्हता. तिनं आपण होऊन हलवली.

वैशाखात ऋतुजाच्या विहिरीचं टाळं निघालं. सासऱ्यानं स्वतः फोन करून विहीणबाईंची क्षमा मागितली. जयमालाला ती क्षमा गिळवेना. ती बाळाला बघायला गेली, तेव्हा विहिरीकाठी चार बायका हंडे घेऊन उभ्या होत्या, त्यात छाया. छाया वाळून गेली होती. तिनं जयमालाकडे बघितलं आणि साध्या आवाजात विचारलं, "तुझ्या लेकीची चुकून लागली हुती व्हय गं? बरं झालं उघडली." बस्स, एवढंच. टोमणा असता तर जयमालानं झेलला असता. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

त्यानंतर जयमालाला नळाचं पाणी पिताना दर घोटाला छायाचं तोंड दिसायचं. कळशी तिनं पोत्यात गुंडाळून कणगीमागं ढकलली. यंत्रावरचं कापड काढणं टाळू लागली. कुणी भानुदासचं नाव काढलं की उठून जायची. महिना असा गेला.

ज्येष्ठात एका सकाळी शेजारची हिराबाई लगबगीनं आली. तिची धाकटी लेक तीन वर्षांपूर्वी डोहेगावात पडली होती.

"जयाबाई, पाणी लागलं गं पोरीच्या हिरीला! साठ फुटांवर. कळशी दे तुझी."

"दुसरी ने की, हिराबाई. तुझ्याकडं तांब्याची हाय ना नवी?"

"तसं कसं? तुझ्या कळशीला गुण हाय. दहा हिरींना टाळं लागलं, पर उघडली एकच, तुझ्या पोरीची. समदं गाव म्हणतंय, जयाच्या हातानं ओतलं म्हणून निघालं. आवंदा तूच चल माझ्यासंगं, तूच ओत."

"माझी गळतीय."

"गळती? परवापरवापर्यंत चांगली हुती." हिराबाईचा चेहरा उतरला, मग कडक झाला. "सरळ न्हाई म्हण ना. आपल्या लेकीचं झालं, आता दुसरीचं बघवंना व्हय?"

जयमालाला रडू आलं, आणि रडताना तिला कळलं की कळशी फोडून, लपवून, गळते म्हणून सांगून हे मिटणार नाही. ही नाही तर हिची जाऊ मागेल. ती कणगीमागं गेली, पोतं सोडलं, कळशी आणून दोघींच्या मध्ये ठेवली.

"बस, हिराबाई. हात लावू नगंस. आदी ऐक."

तिनं सांगितलं. हिराबाईला काच कळली नाही, साखळी कळली नाही. पण नऊ नावं कळली. त्यातल्या दोन तिच्या भाच्या होत्या. ती तोंडावर पदर धरून बाहेर पडली आणि बघता बघता गल्ली जमली.

जयमालानं तेवढ्या वेळात यंत्राचे तिन्ही निकाल, कळशीचा फोटो आणि सूचनेचा कागद डॉक्टर इनामदारबाईंना फोनवरून पाठवला. खाली आपलं नाव लिहिलं. शिवदास धापा टाकत आला तेव्हा फोन तिनं खाली ठेवला होता.

"काय केलंत हे वहिनी? दादाच्या जिवावर पाणी सोडलंत!"

"त्यांचा जीव चरात गेला, भावजी. नळात न्हवता तो. आपण त्याला नळात घातला."

"आता ह्या गावात तोंड कुणाला दावणार?"

तिनं कळशी उचलली, काखेत घेतली आणि चालू लागली. दारादारांत बायका उभ्या होत्या. तिच्यासंगं चर खणलेल्या, भानुदासच्या मयताला तिला धरून बसलेल्या. एकीनंही हाक मारली नाही. मागं कुणीतरी घराचं दार धाडकन लावलं. कदाचित तिचंच असेल. तिनं वळून बघितलं नाही.

छायाचं घर डोहेगावच्या शिवेवर होतं. मागं ती विहीर, नवी जाळी, गंजलेलं कुलूप. दुपार झाली होती. छाया ओसरीवर बसून घोटभर पाण्यात भांडी विसळत होती, एका भांड्यातलं पाणी दुसऱ्यात ओतत. जयमालानं कळशी तिच्यापुढं ठेवली आणि उभ्यानंच बोलायला लागली, कारण बसली असती तर बोलवलं नसतं. विहीर तुझीच होती. पाणी तुझंच होतं. किसन चोर नव्हता. माझ्या कळशीनं झालं. आणि हे मला दोन महिन्यांपासून ठाऊक हाय, छाये.

छायानं हात पदराला पुसले. कळशी ओढून मांडीवर घेतली, उन्हात धरली, गळ्याच्या झाळीवरून अंगठा फिरवला. जयमाला वाट बघत होती, की ती आता ओरडेल, कळशी डोक्यात घालेल, शिव्या देईल. तिला ते हवंही होतं.

"पाणी ओतून झाल्यावर परत धाडायच्या आदी मीच घासली हुती ही," छाया म्हणाली. "चिंच घिऊन. ह्यांनी चिंच आणून दिली बाजारातनं. म्हणलं, जयाची कळशी, नीट घासून द्यावी."

तिनं कळशी खाली ठेवली.

"लई घासली गं मी," ती म्हणाली, आणि पुन्हा तेच पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतू लागली.